बांगडीची निशाणी

पन्नाशी उलटली कीं मध्यमवर्गीय माणसास दोहोंपैकीं एक छंद जडतो. कोणी बागेकडे वळतो, कोणी पूर्वजांकडे. दोन्ही छंदांत उकरावें लागतें. फरक एवढाच कीं, बागेंत जें उगवतें तें शेजाऱ्यांस कौतुकानें दाखवितां येतें, आणि पूर्वजांच्या शोधांत जें हातीं लागतें तें कित्येकदां घरच्या माणसांसही दाखविणें कठीण होऊन बसतें. मी दुसऱ्या पंथाचा. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांसाठीं लँकेस्टर व यॉर्क या घराण्यांच्या वंशावळी शेंकडों वेळां फळ्यावर काढल्या. त्यामुळें आमच्या आडनांवाच्या मंडळींनीं कुलवृत्तान्त छापण्याचें मनावर घेतलें आणि वाईकडच्या आमच्या शाखेची माहिती जुळविण्याचें काम माझ्या गळ्यांत घातलें, तेव्हां तें मला जड वाटलें नाहीं.

कुलवृत्तान्त हा आपल्याकडचा एक खास ग्रंथप्रकार आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत तो रूढ झाला, आणि आज पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर त्याचा एखादा जाडजूड खंड पडून असतो. रचना ठरलेली. आरंभीं गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गांव. मग घराण्यागणिक वंशवृक्ष. मग एकेका पुरुषाची चार ओळींची हकीकत. जुन्या पिढ्यांची हकीकत नसतेच, नुसतीं नांवें असतात. आणि मधूनच एखाद्या नांवाखालीं रेघ थांबते व तेथें 'निर्वंश' असा शब्द येतो. या शब्दाचा अर्थ मूलबाळ झालें नाहीं असा नव्हे; मुलगा राहिला नाहीं, असा. ज्यानें तीन मुली चांगल्या नांदत्या घरीं दिल्या, त्याच्या नांवाखालींही हाच शब्द लिहिलेला मीं पाहिला आहे. त्या तीन मुलींचे नातू-पणतू आज कोठें ना कोठें सुखानें जेवत असतील. परंतु आमच्या वृक्षावर त्यांचा आजा वठलेली फांदी होऊन राहिला आहे.

आमच्याकडे कृष्णाकांठच्या एका गांवचें कुळकर्ण होतें. गांवची जमीन, वसूल, बलुतें यांचा हिशेब लिहावयाचा, हें पिढ्यानुपिढ्या चालत आलेलें काम. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें कुळकर्ण वतनें बंद झालीं व दप्तर सरकारांत जमा झालें. परंतु ज्या कागदांचा सरकारास उपयोग नव्हता ते जुन्या घराच्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेंत राहिले. खारव्याच्या रुमालांत बांधलेले, कसरीनें कडा खाल्लेले, आणि एकूणएक मोडींत.

मोडी मी पंचेचाळिसाव्या वर्षीं शिकलों. आधीं कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघ ओढावयाची, मग बोरू शक्य तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरें लोंबतीं सोडावयाचीं, अशी ही लिपि. दोन शब्दांमध्यें जागा नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, आणि लिहिणारा घाईंत असला (कुळकर्णी नेहमींच घाईंत असे) तर वाचण्याऐवजीं ताडावें लागतें. माझ्या वडिलांनीं ती शाळेंत थोडीबहुत गिरविली होती. माझ्या पिढीस ती परकी झाली. अभ्यासकांखेरीज तिची कोणास आठवणही नव्हती. पण २०२३ सालीं मराठवाड्यांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, आणि मोडी वाचणारांस एकाएकीं मागणी आली. पणजोबांच्या काळचें एक अक्षर पणतवंडाच्या दाखल्याशीं जाऊन भिडलें. पूर्वजांचा शोध हा रिकाम्या माणसाचा उद्योग आहे असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

ट्रंकेंतले कागद चाळतांना एक गोष्ट लवकरच दिसून आली. वंशावळी प्रेमानें टिकत नाहींत, भांडणानें टिकतात. ज्या पिढींत भाऊ गुण्यागोविंदानें नांदले त्या पिढीचा आमच्याकडे एक चिठोरा नाहीं. वांटणीवरून, वतनाच्या वडीलपणावरून, देवळांतल्या मानावरून तंटा उभा राहिला कीं करीना लिहिला जाई. म्हणजे मूळ पुरुषापासून आपणांपर्यंत कोण कोणाचा पुत्र, वतन कोणाकडून कोणाकडे आलें, याची सविस्तर हकीकत. मग गोत बसे, महजर होई. पाटील नांगराची निशाणी करी. सुतार, लोहार, न्हावी, महार यांच्या साक्षी पडत. भाऊबंदकीस आपण उगाच नांवें ठेवतों. तिच्यावांचून आमच्या घराण्यास पूर्वजच नसते.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. ज्याचें वतन नाहीं त्याचें भांडण नाहीं, आणि ज्याचें भांडण नाहीं त्याचा कागद नाहीं. माझे एक सहाध्यापक मला म्हणाले, "तुमचे पूर्वज तुमच्या कागदांत आहेत. आमचेही तुमच्याच कागदांत आहेत. शेवटच्या ओळींत, साक्षीला." यावर मला उत्तर सुचलें नाहीं. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूस हेळवी म्हणून फिरते लोक आहेत. बैल घेऊन ते गांवोगांव येतात, शेतकरी घराण्यांच्या वंशावळी म्हणून दाखवितात, नव्या जन्मलेल्यांचीं नांवें टिपून घेतात, आणि धान्य किंवा पैसा घेऊन पुढच्या गांवास जातात. कित्येक घराण्यांचा सारा पूर्वेतिहास एका हेळव्याच्या तोंडीं व वहींत असतो. आमच्या पांढरपेशा कुलवृत्तान्तांच्या प्रस्तावनांत या लोकांचा उल्लेख क्वचितच सांपडतो. वास्तविक हा धंदा त्यांचा आहे, आणि आम्ही हौशी.

आतां पानिपताविषयीं. आमच्या घरांत अशी कथा आहे कीं, आमचा एक पूर्वज भाऊसाहेबांबरोबर उत्तरेंत गेला व तलवार गाजवून पानिपतावर पडला. अशी कथा नसलेलें जुनें मराठी घराणें मला अद्याप भेटावयाचें आहे. सर्वांच्या कथा खऱ्या मानल्या तर उभें राहावयासही तें रणांगण पुरलें नसतें. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेंतला राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, तो त्याच काळच्या पत्रांचा आहे. त्यांत मीं या पूर्वजाचा शोध घेतला. तेथें तो नव्हता. तो निघाला आमच्याच ट्रंकेंत. विहिरीच्या पाण्यावरून चुलतभावांत झालेल्या तंट्याच्या महजरावर त्याच्या हातची ओळ होती, आणि शेवटीं मिती होती: सन इहिदे सितैन मया व अलफ, छ ३ जमादिलाखर.

हें शुहूर सन. आंकडे अरबी शब्दांनीं व एकंापासून वर असे लिहितात. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. हें वर्ष मृग लागला कीं बदलतें. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मितीस ५९९ व त्यापुढच्या मितीस ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. 'छ' म्हणजे चंद्र, अर्थात् मुसलमानी महिन्याची तारीख. हिशेब मांडला तर ही मिती १७६१ च्या १० जानेवारीच्या आसपास पडते. पानिपतचा संग्राम १४ जानेवारीचा. ज्या आठवड्यांत मराठी फौज वेढ्यांत अन्नावांचून तडफडत होती, त्याच आठवड्यांत आमचे वीरपुरुष कृष्णाकांठीं मांडी घालून, कोणीं किती प्रहर मोट धरावी याची वांटणी लिहीत होते. अक्षर मोठें सुरेख आहे.

काकांना मीं हें सांगितलें. काका शहाऐंशी वर्षांचे. जुन्या घरांत ते आणि काकू दोघेंच राहतात. ते म्हणाले, "त्या नांवाचा दुसरा कोणी असेल." ही शंका अगदींच फोल नव्हती, कारण नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची आमच्याकडे चाल, आणि त्यामुळें दोनच नांवें दीडशें वर्षें आलटून पालटून येत राहतात. मीं वाद घातला नाहीं. मेलेल्या माणसास एकदां शौर्य चिकटलें म्हणजे तें काढून घेण्यांत पुतण्यास काय मिळावयाचें आहे?

खरा पेंच पुढें पडला. नाशिकास पंचवटींत आमचे पिढीजात तीर्थोपाध्याय आहेत. आडनांव आणि गांव सांगितलें कीं हे लोक आंतल्या खोलींतून एक लांबट वही घेऊन येतात, चारदोन पानें उलटतात, आणि आपल्या आजोबांची सही आपल्यापुढें ठेवतात. कोणत्याही ग्रंथालयांत इतक्या लवकर पुस्तक मिळाल्याचें मला स्मरत नाहीं. आजोबांची सही होती, पणजोबांची होती. आणि त्याच्याही मागें, १८८१ सालची, खापरपणजोबांच्या हातची नोंद होती. मातोश्रींच्या अस्थि घेऊन आल्याचें त्यांनीं लिहिलें होतें. मातोश्रींचें नांव होतें. त्याखालीं बापाचें नांव, आजाचें नांव; आणि मग एका ओळींत दुसऱ्याच एका घराण्याचें नांव, माणदेशांतलें एक गांव, आणि मागें 'जनक' हा शब्द.

जनक हा शब्द औरस मुलगा कधीं लिहीत नाहीं. ज्याचा पिता एक आणि जन्मदाता दुसरा, त्यासच तो लिहावा लागतो. आमचे खापरपणजोबा दत्तक होते.

येथून पुढें मी पुण्यास पुराभिलेखागारांत बसलों. तेथलें पेशवे दप्तर सर्वांस ऐकून ठाऊक असतें; गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ भाग काढले. पण पेशवाई बुडाल्यानंतरचे कागदही तेथें पुष्कळ आहेत. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास इनामांच्या चौकशीचे अधिकार मिळाले, आणि ज्याच्या ताब्यांत म्हणून इनाम जमीन होती त्याला ती आपण कोणत्या हक्कानें खातों हें कागदानिशीं दाखवावें लागलें. त्यासाठीं दिलेल्या कैफियती व वंशावळी रुमालांत बांधून राहिल्या. आमची इनाम जमीन ती केवढी? एक मळा. पण त्या मळ्याची कैफियत होती, आणि ती देणारा पुरुष नव्हता. अमुकबाई कोम अमुक, असा कागदाचा आरंभ होता.

ही बाई आमच्या खापरपणजोबांची दत्तक आई. तिचें नांव मी येथें देत नाहीं. तें आधीं घराण्याच्या पुस्तकांत छापलें जावें व मग इतरत्र, असें काकांशीं ठरलें आहे. हकीकत अशी कीं, तिचा नवरा १८५१ सालीं वारला. मूल नव्हतें. भाऊबंद वतनाच्या हिश्शावर व मळ्यावर येऊन बसले. तिचें वय कागदांत 'सुमारें तेवीस' आहे. तिनें वर्षाच्या आंत माणदेशांतल्या एका भिक्षुकाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. भाऊबंदांनीं हरकत घेतली कीं, नवऱ्याची आज्ञा नसतां विधवेनें घेतलेला दत्तक खोटा.

हा मुद्दा साधा नव्हता. नवऱ्याच्या अनुज्ञेवांचून स्त्रीनें पुत्र देऊं नये वा घेऊं नये, असें वसिष्ठाचें वचन आहे, आणि त्याच्या आधारें बंगाल्यांत अशा विधवेस दत्तक घेतां येत नसे. परंतु सतराव्या शतकांतल्या नीलकंठाच्या व्यवहारमयूखास महाराष्ट्रांत मोठें प्रामाण्य आहे, आणि मयूखाचा अर्थ असा कीं, हें वचन नवरा जिवंत असलेल्या स्त्रीपुरतें. विधवेस तें लागू नाहीं. एका वचनाचे दोन अर्थ झाले आणि गंगेकांठच्या विधवेस जें मिळालें नाहीं तें कृष्णाकांठच्या विधवेस मिळालें. आमच्या या बाईस अक्षर येत नव्हतें; पण मयूखांत काय आहे हें तिला कोणी तरी सांगितलें असावें, कारण तिच्या जबाबांत नेमका हाच मुद्दा आहे. पांच वर्षें ती भांडली. १८५६ सालीं निकाल तिच्या बाजूनें झाला. त्या फैसल्याची नक्कल आमच्याच ट्रंकेंत, अगदीं तळाशीं, होती.

त्या सर्व कागदांवर तिची सही एकच आहे. शाईनें काढलेलें एक लहानसें वाटोळें, आणि शेजारीं: निशाणी बांगडी, दस्तुर गांवचा जोशी. लिहितां न येणाऱ्या स्त्रीची निशाणी बांगडी, ही जुनी रीत. कचेरींतल्या कारकुनास ती इतकी अंगवळणी पडलेली कीं, सही करणारीच्या हातांतल्या बांगड्या कधींच फुटल्या आहेत हें त्याच्या ध्यानांतही आलें नसेल. पांच वर्षांत तिनें हें वाटोळें अकरा वेळां काढलें आहे. पहिलें कांपरें आहे, दोन्ही टोंकें जुळलेलीं नाहींत. शेवटच्यास तसें म्हणतां येणार नाहीं.

माझा पुतण्या अमेरिकेंत असतो. त्यानें मध्यंतरीं एका कंपनीस नळींत थुंकी भरून पाठविली. आपले पूर्वज कोठले हें ती कंपनी त्यावरून टक्केवारीनें कळविते. त्याला एक रंगीत नकाशा आला, आणि तो आपला मूळ प्रदेश म्हणून सर्वांस दाखवीत सुटला. मी त्या शास्त्रास नांवें ठेवीत नाहीं. पण त्या नळींत या बाईचा एक कणही निघावयाचा नाहीं. तिच्या नवऱ्याचाही नाहीं, महजर लिहिणाऱ्याचा नाहीं, पानिपतावर न गेलेल्याचाही नाहीं. त्या नळींत आहे तो माणदेशांतला भिक्षुक, ज्यानें आपला आठ वर्षांचा मुलगा एका तेवीस वर्षांच्या विधवेच्या ओटींत घातला. कां घातला, हें कागदांत नाहीं. माणदेशांतला पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला तें लिहून द्यावें लागत नाहीं.

हें सगळें कुलवृत्तान्तांत घालावयाचें कीं नाहीं यावरून काकांचा आणि माझा खटका उडाला. काका म्हणाले, "दत्तकाला मी कमी मानतों असं नाहीं. शास्त्रानं मुलगा तो मुलगा. पण छापायचं कशाला? उद्यां लोक म्हणतील, हे मूळचे नव्हेतच." मी म्हटलें, "काका, मूळचे नसतों तर बिघडलं काय? ती भांडली नसती तर आपण असतोंच कुठं?" काका गप्प राहिले. त्यांचा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. ते ज्या वृक्षाच्या सावलींत शहाऐंशी वर्षें बसले, त्याचें खोड मध्येंच दुसऱ्या झाडाचें निघालें, असें त्यांस वाटलें असेल तर त्यांत नवल नाहीं. शिवाय समितीचा छापील तक्ता त्यांच्या बाजूचा होता. त्यांत दत्तकास एक चौकोन आहे. दत्तक घेणारीस नाहीं. तिचें नांव घालावयाचें तर नवऱ्याच्या चौकोनांत कंसांत घालावें लागतें, आणि तो नवरा तर सगळें सुरू होण्यापूर्वींच वारलेला.

शेवटीं काकांनींच तोड काढली. ते म्हणाले, "श्राद्धांत आपण बापाबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नांवं घेतों. माझे आजोबा घेत असत त्यांत हें नांव होतं. मला आठवतं. तेव्हां छापायला हरकत नाहीं." मयूखाइतकाच हा आधारही मला पुरेसा वाटला. तक्त्यांत मीं तिचा स्वतंत्र चौकोन आंखला, आणि पुढच्या पिढीची रेघ त्यांतून खालीं काढली.

काकू हें सर्व दारांत बसून ऐकत होत्या. भाजी निवडून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "तिचं माहेरचं नांव काय होतं रे?"

मी म्हटलें, "तें कागदांत नाहीं, काकू."

"नसेलच," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानें म्हणाल्या, "माझ्या आईच्या आईचं मला ठाऊक आहे. तिच्या आईचंही. आई ओव्या म्हणतांना नांवं घ्यायची. लिहून घेतोस?"

त्यांनीं चार नांवें सांगितलीं. स्वतःचें माहेरचें धरून पांच. प्रत्येकीचें गांव सांगितलें, कोणास किती मुली हें सांगितलें. हीं माणसें आमच्या आडनांवाचीं नव्हेत, काकूंच्या माहेरच्या आडनांवाचींही नव्हेत. कोणत्याच कुलवृत्तान्तांत तीं बसत नाहींत. तक्त्यांत त्यांना रकाना नव्हता म्हणून मीं तो उलटा केला व पाठीमागें लिहून घेतलें. काकांनीं चष्मा लावून तें वाचलें, माझ्या हातांतलें पेन घेतलें, आणि खालीं मिती घातली.